पायाळूची पाठ

आमच्या बंदरावर सगळे सांगत, अलिबागच्या त्या हाडं कटकट वाजवणाऱ्या बाईनं मधू मिस्त्रीची, म्हणजे माझी, पाठ मोडली. घरात माझी मुलगी प्राची समजत होती, आपणच मोडली. दोन्ही खोटं. खरं काय ते गावात एकट्या मला माहीत होतं आणि अडीच महिने मी तोंड शिवून बसलो होतो. आजारपणाबद्दल लिहायला बसलोय, पण हे आधी लिहून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला माझी उगाच दया येईल.

पायाचा गुण

म्हसळा तालुक्यात खाडीच्या काठाला आमचं बंदर आहे. तिथे मी होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. वय बावन्न. त्याशिवाय माझी आणखी एक ओळख आहे, आणि खरं सांगायचं तर मला तीच जास्त प्यारी होती. मी पायाळू आहे. जन्मताना डोक्याऐवजी माझे पाय आधी बाहेर आले. आमच्याकडे अशा माणसाच्या पायाला गुण असतो असं मानतात. कुणाच्या पाठीत उसण भरली, कुणाची कंबर धरली, की पायाळूनं दुखऱ्या जागी तीनदा पाय लावायचा. कुणी हळू टेकवतो, कुणी दणका देतो. मी मधला.

सकाळी चहा व्हायच्या आत अंगणात कुणीतरी कमरेवर हात धरून उभं असायचं. खलाशी, जाळी ओढणारे, टोपल्या उचलणाऱ्या बायका. मी कुणाकडून नारळसुद्धा घेतला नाही. पण "मिस्त्री, उतार पडला बरां का" असं कुणी बंदरावर चारचौघांत ओरडून सांगितलं की दिवसभर छाती वर असायची. उसण तशीही तीन-चार दिवसांत जाते, हे मला आता कळतं. तेव्हा ती माझ्या पायानंच जायची.

शिवाय धंद्यानं मी मिस्त्री. बोटीचा पंखा फिरवणारा शाफ्ट इंजिनाच्या लाइनीत नसला की सगळी बोट थरथरते. मग फाउंडेशनचे बोल्ट ढिले करायचे, खाली पत्र्याची पट्टी सारायची, दोन ठोके द्यायचे, की बसतो शाफ्ट जागेवर. माणसाची पाठ म्हणजे असाच शाफ्ट, एवढी माझी डॉक्टरकी. दुखतंय म्हणजे मणका सरकला. सरकला म्हणजे ठोकून बसवायचा. यात चुकण्यासारखं काय आहे, असं मी शिकलेल्या लोकांनासुद्धा ऐकवायचो.

प्राचीही पायाळू. तसं बघायला गेलं तर ती सिझेरियनची, तिचे ना पाय आधी आले ना डोकं. पण डॉक्टरनं मूल उलटं आहे असं सांगितलं होतं, तेवढं मला पुरलं. लहानपणी ती हौसेनं लोकांच्या पाठीला पाय लावायची. दहावीनंतर तिनं साफ नकार दिला. "बाबा, मला न्हाय पटत ह्या." आता म्हसळ्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे.

अलिबागची वारी

पावसाळ्यातली बंदी संपून होड्या दर्यात उतरायच्या आधीचे दिवस. प्रत्येक नाखव्याला, होडीच्या मालकाला, आपलं इंजिन आजच पाहिजे असतं. मी दिवसाचे दहा तास इंजिनाच्या खोलीत अर्धा वाकून. आधी कंबर धरली, मग उजव्या पायात कळ उतरली, मग डाव्या. दोन्ही पायांत कळ म्हणजे दुप्पट सरकलाय, असा मी हिशोब केला.

स्वतःच्या पाठीला स्वतःचा पाय लागत नाही, ही पायाळूची मोठी पंचाईत. प्राचीला सांगायला तोंड नव्हतं. त्यात मोबाइलवर ते व्हिडिओ दिसायला लागले. पांढऱ्या कोटातला माणूस एखाद्याची मान धरतो, वळवतो, कट्ट! पेशंट हसत उठतो. मी एकामागून एक बघत गेलो. जितका आवाज मोठा तितकं काम पक्कं, असं माझ्या डोक्यात बसलं. याला कायरोप्रॅक्टिक म्हणतात आणि अलिबागला बंगलेवाल्यांसाठी शनिवार-रविवार एक बाई येतात, असं कळलं. बंदरावर मी जाहीर केलं, "शनवारी अलिबागला जातो. कट्ट करून येतो."

होड्या हाकणाऱ्या तांडेल लोकांत दोन पक्ष पडले. एक म्हणाले, हे लोक मान मोडून माणूस मारतात. दुसरे म्हणाले, ह्यांच्या हातानं रक्तातली साखरसुद्धा जाते. गणपत तांडेल, माझा लहानपणापासूनचा दोस्त, म्हणाला, "मध्या, ती तुज्यासारखीच हाडवैदीण. फक्त कोट घालते." मला ते आवडलं.

शुक्रवारी आंघोळीला बसलो तेव्हा खाली, बसायच्या जागेवर, पाणी गरम की गार ते कळेना. साबण लावला तर कातडी दुसऱ्याची वाटली. पाट कडक असेल म्हणून सोडून दिलं.

शनिवारी शेजारच्या इको गाडीत मागच्या सीटवर आडवा पडून निघालो. दिघीला फेरीबोट, पलीकडे आगरदांडा, मग मुरूडवरून अलिबाग. प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरच्या सात पिढ्या उद्धारल्या.

बाई चाळिशीच्या, मराठी बोलणाऱ्या. टेबलावर प्लास्टिकचा पाठीचा कणा होता. मी त्याच्याकडे बोट करून म्हणालो, "कुठला सरकलाय तेवढा दाखवा आणि बसवा."

"मणका असा सरकत नसतो हो," त्या म्हणाल्या. "खरंच सरकला असता तर तुम्ही जिन्यानं वर आला नसतात."

"मग तुम्ही कट्ट करून काय बसवता?"

"काहीच बसवत नाही. सांध्यात थोडी हवा असते, तिचा तो आवाज. बोटं मोडतो ना, तसा. अवघडलेला सांधा जरा मोकळा होतो, एवढंच माझं काम. साखर, दमा, बीपी यातलं मला काही येत नाही."

माझा मूड तिथेच गेला. इतक्या लांब आलो आणि बाई आपल्याच धंद्याला कमी लेखतायत. मग त्यांनी पाय उचलायला लावले, अंगठे दाबायला लावले आणि अचानक विचारलं, "बसायच्या जागेवर बधिर वाटतं का? लघवी लागल्याचं कळतं का?"

परक्या बाईनं असं विचारावं! मी आधी नाही म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा भिंतीकडे बघत म्हणालो, "कालपासून जरा बधिर आहे."

त्यांनी हात काढून घेतला. तसा चटकन कुणी माझ्यावरून हात काढून घेतलेला मला आठवत नाही.

"मी तुम्हाला आज हात लावणार नाही. आणि दुसऱ्या कुणालाही लावू देऊ नका. आत्ता इथून सरळ हॉस्पिटलात जा. उद्या नाही, आज." त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, गाडी आहे का विचारलं, फोन करू का विचारलं. फी घेतली नाही.

फी घेतली नाही हेच मला झोंबलं. बाईला काम येत नाही, म्हणून मोठ्या हॉस्पिटलावर ढकलतेय, असं मी ठरवलं. येताना फेरीबोटीवर ती चिठ्ठी चार तुकडे करून खाडीत सोडली. ड्रायव्हरनं विचारलं, "झाला काम?" मी म्हणालो, "झाला. मस्त दाबून दिलान. दोन दिवस लागतील." न लावलेल्या हाताची हकिगत घेऊन बंदरावर कसा उतरणार होतो मी? घरी बायकोला, सुरेखाला, तेच सांगितलं. प्राचीलाही.

रविवार

रविवारी सकाळी उठवेना. मी प्राचीला हाक मारली.

"पाय लाव."

"बाबा, काल त्या बायनी दाबलान ना? मग थांबा दोन दिवस."

"तिनं निम्मा बसवलाय. निम्मा तू बसव."

"मला न्हाय पटत. डाक्टरकडं चला."

"बापाची पाठ हाय, परकी न्हाय. एवढा पण करणार न्हायस माझ्यासाठी?"

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम टाकलं. ते कुठे लागतं ते मला ठाऊक होतं. तिनं भिंतीला हात टेकला आणि माझ्या कमरेवर पाय ठेवला. पहिल्यांदा हळूच. "जोरात," मी म्हणालो. दुसऱ्या वेळी तिनं भार टाकला आणि मी असा ओरडलो की शेजारची माणसं ओटीवर आली.

त्या दिवशी मला लघवी झाली नाही. लागलीच नाही. पोट टम्म झालं होतं आणि मी गॅस झालाय असं सांगत होतो. सोमवारी सकाळी अंथरूण ओलं होतं आणि ते मला सुरेखाच्या चेहऱ्यावरून कळलं. पाय खाली सोडले तर ते गोणपाटासारखे लोंबले.

वॉर्ड

एमआरआय, मग ॲम्ब्युलन्स, मग पनवेलचं एक मोठं हॉस्पिटल. मणक्यांमधली चकती फुटून खालच्या नसांच्या जुडग्यावर बसली होती. पाय, लघवी, संडास, सगळ्याच्या नसा त्यात. यापलीकडे मला त्यातलं कळत नाही आणि तुम्हालाही कळायची गरज नाही.

सर्जननं विचारलं, "बधिरपणा कधीपासून?"

सुरेखा आणि प्राची समोर उभ्या. मी म्हणालो, "कालपासून. रविवारपासून."

प्राचीचा हात तोंडावर गेला. मला दिसलं. त्या दोघी सह्या करायला बाहेर गेल्या तेव्हा मी सर्जनला बोलावून शुक्रवारचं सांगितलं, अलिबागचंही सांगितलं. ते चिडले नाहीत. "त्या मॅडमनी बरोबर पाठवलं होतं तुम्हाला," एवढंच म्हणाले.

"पोरीच्या पायानं झालं का?"

"बधिरपणा शुक्रवारचा. चकती तेव्हाच नसांवर आली होती. पाय द्यायला नको होता, पण हे त्यानं झालेलं नाही. दोन दिवस गेले, त्यानं झालं."

ऑपरेशन त्याच दुपारी झालं. पुढचे दिवस मी छताच्या पंख्याकडे बघत काढले. पहाटे पाचला रक्त, सहाला चहा, सातला पिशवीतली लघवी मोजायची. आयुष्यभर मी इंजिनाचं तेल गळतं म्हणून लोकांना बोल लावले, आणि आता माझ्या खाटेला पिशवी लटकत होती. भीती वाटायची. मरणाची नाही, अशाच जगण्याची. दोन मदतनीस मला कुशीवर वळवायचे तेव्हा मी डोळे घट्ट मिटून घ्यायचो. एक वयस्क नर्स होती. काही करायच्या आधी ती न सांगता पडदा ओढायची आणि माझ्याशी मासळीच्या गोष्टी करायची. बोंबील ओला बरा की सुका, यावर आमचं भांडण चालायचं. तेवढ्यात तिचं काम होऊन जायचं. तिचे उपकार मी विसरणार नाही.

सुरेखा खाटेखाली चटई टाकून निजायची. आठव्या दिवशी ती माझ्यावर ओरडली, तीही चमच्यावरून. माझ्या हातून चमचा पडला म्हणून. "तुमाला काय होतंय ते वेळेत सांगायला काय झालेला? मी कोण लागते तुमची?" मग स्वतःच रडली. मी तिला तेव्हाही काही सांगितलं नाही.

घरी

घरी आलो तो वॉकर घेऊन. पायांत हळूहळू जीव येत होता. लघवी मात्र आपल्या मर्जीनं होईना. दर चार तासांनी बारीक नळी घालून काढायची. हे मी स्वतः करायला शिकलो. करता येतं, सवय होते, कुणी मरत नाही. ज्यांना हे करावं लागतंय त्यांच्यासाठी लिहितोय, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आणि ज्यांना अजून करावं लागलेलं नाही त्यांच्यासाठी: पाठदुखीबरोबर दोन्ही पायांत कळ, बसायच्या जागेवर बधिरपणा किंवा लघवीत फरक, यातलं काहीही आलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. लाज वाटली तर वाटू द्या. मी लाज राखली आणि बाकीचं घालवलं.

घरात प्राची बदलली होती. नळ्या उकळणं, गोळ्या, व्यायाम, सगळं तीच करायची. एक शब्द उलट नाही. तिनं पालीच्या गणपतीला नवस बोलला होता, मी काठीशिवाय चालेपर्यंत अनवाणी राहायचं. कॉलेजलाही अनवाणी जायची. डांबर तापलेलं, बंदरावर शिंपल्यांचा चुरा. तिच्या टाचा फाटल्या. बसली की पाय ओढणीखाली झाकून बसायची. माझ्या अंथरुणाजवळून जाताना लांबून वळसा घालायची, चुकून पाय लागू नये म्हणून. जिला पायाळूपण कधी पटलं नाही ती आता त्यावर माझ्याहून जास्त विश्वास ठेवत होती. मी हे सगळं बघत होतो. रोज ठरवायचो, आज सांगू. रोज वाटायचं, सांगितलं तर ही मला बाप म्हणेल का?

बाहेर वेगळीच वावडी. इकोच्या ड्रायव्हरनं सांगितलेलं, बाईनं दाबलं. तिसऱ्या दिवशी मिस्त्री लुळा. एवढं पुरे. बंदरावरच्या पोरांनी इंटरनेटवर त्या क्लिनिकच्या नावाखाली शिव्या लिहिल्या. मी तेही चालू दिलं.

फोन

दिवाळीनंतर एका दुपारी फोन आला. "मी अलिबागहून बोलतेय. तुम्ही त्या दिवशी हॉस्पिटलात गेला होतात ना?"

त्यांनी शिव्यांचा विषय काढला नाही. मी चालतो का, लघवीचं काय, एवढंच विचारलं. मी म्हणालो, "मॅडम, मी गेलो नाही." मग त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मीच तुमच्याबरोबर कुणाला तरी पाठवायला हवं होतं."

चूक माझी आणि अपराध त्या वाटून घेत होत्या! मला बसवेना. तसाच वॉकर टेकत बंदरावर गेलो आणि जाळी विणत बसलेल्या सगळ्यांना सांगितलं, "त्या बायनी मला हात पण लावला न्हाय. हास्पिटलात जा सांगितलान. मीच खोटं बोललो."

मला वाटलं, मोठं ओझं उतरलं. गणपत तांडेलानं सुई थांबवली. "मग पाठ गेली कशानं?"

"रवारी पोरीनं पाय दिलान ना," शेजारचा एक म्हणाला. "मी आयकला, मिस्त्री कसा वरडला तो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तिथे मी बोलायला हवं होतं. शुक्रवारचं, आंघोळीचं, बधिर झालेल्या जागेचं. पण त्या जागेचं नाव चारचौघांत घ्यायला माझी जीभ उचलली नाही. मी घरी आलो. अर्धं खरं सांगून मी त्या बाईंना सोडवलं आणि पोरीला अडकवलं.

दुसऱ्या दिवशी प्राची कॉलेजातून लवकर आली. एसटीत एका मुलीनं तिला विचारलं होतं, "तुज्या पायाला काय हाय गं, बाप लुळा झाला?" तिनं मला हे रडत सांगितलं नाही. वह्या फळीवर ठेवता ठेवता सांगितलं, उद्यापासून कॉलेज नको म्हणाली आणि नळ्या उकळायला पाणी ठेवायला वळली.

"प्राची, पाणी राहू दे. बस."

ती बसली, पाय झाकून.

"मला शुक्रवारीच बधिर झालेला. त्या बायनी शनवारी वळखलान. आजच्या आज हास्पिटलात जा म्हणाल्या, चिठ्ठी दिली. मी ती फाडली. मोठा डाक्टर मला बोललाय, पोरीच्या पायानं न्हाय झाला, दोन दिवस गेले त्यानं झाला. तुज्या पायाचा काय दोष न्हाय."

तिला आनंद होईल असं मला का वाटलं, देव जाणे.

"शनवारी माहीत होता तुमाला?"

"व्हय."

"आनि रवारी मला पाय ठेव म्हणालात."

"व्हय."

"मी न्हाय म्हणत होते, बाबा."

"व्हय."

"डाक्टर कधी बोलला?"

"आपरेशनच्या आदी."

मग अगदी सावकाश म्हणाली, "डोळं मिटलं का तुमचा वरडणं आयकू येतो मला. झोपच न्हाय. तुमी पण जागं असायचात, मला दिसायचा. मला वाटायचा, बाबांना दुखतंय."

मी रडलो. तिनं मला समजावलं नाही. उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. तिन्हीसांजेला जेवायला हाक मारली तर आतून उत्तर आलं नाही.

सकाळी एसटीची वेळ झाली तशी सुरेखा तिला उठवायला निघाली. "आवो, पोर अजून निजलीय. असा कधी करत न्हाय."

मी वॉकर आडवा घातला. "नको उठवू. बस इथं, तुला एक सांगायचा हाय."

दाराबाहेरच, हळू आवाजात, मी तिला शुक्रवारपासूनचं सगळं सांगितलं. आत प्राची घोरत होती. ती दुपारी दोन वाजता उठली.